बाबागाडी घेऊन एसटीत चढायचं कसं? तुळजापूरच्या जत्रेपासून डिस्नेच्या शटल बसपर्यंत, सगळं एका ठिकाणी

कोजागरीची रात्र उलटून गेलीये. तुळजापुरातून परतीला निघालेल्यांनी बसस्थानक भरलंय. सोलापूरची गाडी फलाटाला लागायच्या आधीच शंभरेक माणसं दरवाज्याच्या दिशेनं पळतायत. कुणी खिडकीतून रुमाल टाकतंय, कुणी पिशवी. आणि या गर्दीच्या काठावर एक जोडपं उभंय. बाबागाडीत दीड वर्षाचं पोर झोपलंय, गाडीच्या हँडलला तीन पिशव्या लटकल्यात आणि दोघांनाही एकच प्रश्न पडलाय, की आता हे सगळं त्या दरवाज्यातून आत न्यायचं कसं?

हे चित्र कुठल्या एका वर्षाचं नाही, दर जत्रेला दिसणारं आहे. काही वर्षांपूर्वी बाबागाडी ही पुण्या-मुंबईच्या सोसायटीत दिसणारी वस्तू होती. आता धाराशिव, कळंब, उमरग्याच्या घरांतही ती आलीये. ऑनलाइन मागवता येते, बारशाला भेट म्हणून मिळते. पण आपली एसटी, आपली बसस्थानकं आणि आपली जत्रा यांपैकी काहीच बाबागाडीचा विचार करून बनलेलं नाही. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

आधी बघू, एवढी गर्दी होते तरी कशी?

तुळजापूर अजून रेल्वेने जोडलेलं नाही. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या नव्या रेल्वेमार्गाचं काम हाती घेतलेलं आहे, पण तोपर्यंत बाहेरगावाहून रेल्वेने येणाऱ्यांना सोलापूर किंवा धाराशिव स्थानकावर उतरून पुढचा रस्ता बसने किंवा दुसऱ्या वाहनानेच गाठावा लागतो. सोलापूरपासून तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर, तर धाराशिवपासून २५ किलोमीटरच्या आत.

मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा हे तुळजापूरचे एरवीचेच गर्दीचे दिवस. त्यात शारदीय नवरात्र सुरू झालं की घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत गर्दी चढत जाते. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर देवी निद्रा घेते आणि अश्विन पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर विराजमान होते. त्या दर्शनासाठी सोलापूर आणि आसपासच्या भागातून, कर्नाटक-तेलंगणातून लाखो लोक पायी चालत येतात. चालणाऱ्यांसाठी सोलापूर-तुळजापूर रस्ता वाहनांना बंद ठेवला जातो आणि बस दुसऱ्या मार्गाने वळवल्या जातात.

खरी गंमत इथे आहे. येताना माणसं वेगवेगळ्या वेळी चालत पोहोचतात, पण दर्शन झालं की परतीला सगळ्यांना एकाच वेळी बस हवी असते. एसटी जादा गाड्या सोडते, कर्नाटक परिवहनच्या गाड्याही असतात. तरी पहिल्या काही तासांत माणसं जास्त आणि सीट कमी असंच गणित असतं. त्यातून महिलांना एसटीत १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही, त्यामुळे लेकराबाळांसह जाणाऱ्या कुटुंबाला एसटीच परवडते.

हे फक्त तुळजापूरपुरतं नाही. कळंब तालुक्यातल्या येरमाळ्याची येडेश्वरीची चैत्री यात्रा असो, आषाढीचं पंढरपूर असो किंवा नाशिकचा सप्तशृंगी गड, सगळीकडे हेच. गडावर तर नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात आणि तिथून वर एसटीच्या फेऱ्या चालतात. म्हणजे परदेशातल्या थीम पार्कमध्ये पार्किंगपासून गेटपर्यंत जशी शटल बस असते, तशीच व्यवस्था. फरक एवढाच, की आपली शटल घाटातून जाते.

अडचण नेमकी कुठे येते?

अडचण तीन ठिकाणी येते.

पहिली, पायऱ्या. साध्या लालपरीत चढायला उंच पायऱ्या असतात आणि दरवाजा एका वेळी एकच माणूस जाईल एवढाच. उघडलेली बाबागाडी त्यातून सरळ जात नाही. मग लोक ती पोरासकट उचलतात. एकजण पुढून, एकजण मागून, आणि पाठीमागून गर्दीचा रेटा. यात कुणाचाही पाय घसरला तर गाडी पोरासकट कलंडते.

दुसरी, सीटांमधली मोकळी वाट. लोक उभे असतील तर कंडक्टरलाच तिकिटं फाडत पुढे सरकणं अवघड होतं. तिथे बाबागाडी उभी केली की मागच्यांची वाट बंद. एरवी ती नुसती गैरसोय वाटते, पण गाडीत धूर झाला किंवा अपघात झाला तर अडलेली वाट जिवावर बेतू शकते.

तिसरी, चाकं. बाबागाडीचा ब्रेक सपाट जमिनीवर उभ्या गाडीसाठी असतो. बसने वळण घेतलं किंवा करकचून ब्रेक मारला तर लॉक केलेली बाबागाडीसुद्धा घसरते किंवा आडवी होते. कारमधली लहान मुलांची सीट पट्ट्याने गाडीला बांधलेली असते. बाबागाडी कशालाच बांधलेली नसते. म्हणून चालत्या एसटीत मूल बाबागाडीत बसलेलं असणं ही सगळ्यात धोक्याची गोष्ट.

थोडक्यात, बाबागाडी ही चालण्यासाठी आणि थांबण्यासाठी आहे. बसस्थानकावरचे दोन तास, पार्किंगपासूनची पायपीट, जेवणाची रांग, इथे ती सोन्यासारखी कामाला येते. बसच्या पायरीपाशी मात्र तिचं काम संपतं. हे एकदा मनाशी पक्कं केलं की पुढचं सगळं सोपं होतं.

घडी होणारी बाबागाडी आली कुठून?

याची गोष्ट भारी आहे. इंग्लंडमध्ये ओवेन मॅकलॅरेन नावाचे एक निवृत्त विमान अभियंता होते. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्यांनी काम केलं होतं. विमान उडालं की चाकं घडी होऊन पोटात जातात, ती यंत्रणा. त्यांची मुलगी अमेरिकेतून नातीला घेऊन आली तेव्हा जुन्या धाटणीच्या अवजड बाबागाडीने तिची कशी दमछाक होते ते त्यांनी पाहिलं. मग ॲल्युमिनियमच्या नळ्या वापरून छत्रीसारखी मिटणारी, तीन किलोच्याही आतली बाबागाडी त्यांनी बनवली आणि १९६५ साली पेटंटसाठी अर्ज केला. आज बाजारात मिळणारी ‘अंब्रेला स्ट्रोलर’ ही तिचीच नात-पणती.

पण याच घडीची दुसरी बाजूही आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये मॅकलॅरेन कंपनीने अमेरिकेत विकलेल्या सुमारे १० लाख बाबागाड्या सुरक्षेसाठी परत बोलावल्या, म्हणजे बिजागऱ्यांवर बसवायची आवरणं ग्राहकांना पुरवली. गाडी उघडताना किंवा मिटताना मुलांची बोटं बिजागरीत सापडून टोकं तुटल्याच्या १२ घटना तेव्हा नोंदल्या गेल्या होत्या. म्हणून घाईत घडी घालताना पहिला नियम हा: मूल आधी दुसऱ्याच्या कडेवर, आणि मगच गाडीला हात.

बाहेर काय नियम आहेत?

अमेरिकेतल्या फ्लोरिडामध्ये वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आहे. हॉटेलपासून पार्कपर्यंत त्यांच्या बस सतत धावतात. लहान मुलांचंच ठिकाण म्हटल्यावर तिथे बाबागाड्या किती असतील विचार करा. तरीही त्यांच्या बसचा नियम साधा आहे: मूल बाहेर काढा, गाडी मिटा, मगच चढा. मोनोरेलमध्ये मात्र उघडी बाबागाडी चालते, कारण तिथे फलाट आणि डबा एका पातळीत असतात. १ मे २०१९ पासून त्यांनी आकाराचीही मर्यादा घातली. रुंदी ३१ इंच आणि लांबी ५२ इंच, त्यापेक्षा मोठी गाडी पार्कमध्येच येऊ देत नाहीत.

लंडनच्या बस खालच्या पातळीच्या, मध्ये मोकळी जागा ठेवलेल्या असतात. तिथे उघडी बाबागाडी चालते. पण ती जागा मुळात व्हीलचेअरसाठी आहे आणि व्हीलचेअरवरचा प्रवासी आला की बाबागाडीने जागा सोडायची असते. यावरून ब्रिटनमध्ये मोठा खटला झाला. २०१२ साली डग पॉली हे व्हीलचेअर वापरणारे गृहस्थ वेदरबीहून लीड्सला जाणाऱ्या बसमध्ये चढायला गेले. त्या जागेत एक बाबागाडी होती, आत बाळ झोपलेलं. ड्रायव्हरने विनंती केली, आईने गाडी मिटत नाही म्हणून नकार दिला, आणि पॉली यांना ती बस सोडावी लागली. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १८ जानेवारी २०१७ च्या निकालात कोर्टाने म्हटलं, की ड्रायव्हरने नुसती एक विनंती करून गप्प बसणं पुरेसं नाही, नकार विनाकारण आहे असं वाटलं तर त्याने आणखी प्रयत्न करायला हवेत, गरज पडली तर बस थोडा वेळ थांबवून ठेवावी.

जपानने तिसरी वाट घेतली. तिथे बाबागाडी मिटावी की नाही यावर बरीच वादावादी झाली. शेवटी २०१४ साली सरकारने एक ठरावीक चिन्ह आणलं. हे चिन्ह असेल तिथे बाबागाडी न मिटता ठेवता येते आणि इतरांनी समजून घ्यायचं.

या तिन्हींतून एक गोष्ट कळते. जिथे बसमध्ये जागा आणि पातळी दोन्ही आहे, तिथे बाबागाडी उघडी राहू शकते. जिथे पायऱ्या आणि गर्दी आहे, तिथे डिस्नेसुद्धा ती मिटायलाच लावतं. आपली एसटी दुसऱ्या प्रकारात मोडते.

मग जत्रेला बाबागाडी न्यायची की नाही?

सरळ उत्तर: मूल सहा महिन्यांच्या आतलं असेल तर शक्यतो नाही. एवढं लहान बाळ आधाराशिवाय बसत नाही, म्हणजे पाठ पूर्ण मागे झुकणारी मोठी गाडी लागते आणि ती बसमध्ये सगळ्यात त्रासाची. अशा बाळासाठी अंगाला बांधायची झोळी किंवा कॅरियर बरा.

एक ते तीन वर्षांचं मूल असेल आणि लांब चालायचं असेल, तर छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी न्या. घेताना चार गोष्टी बघा. एका हाताने घडी होते का? मिटल्यावर आपोआप लॉक होते का, की उचलताच पुन्हा उघडते? खांद्याला अडकवायला पट्टा आहे का? आणि एक हात मुलाने अडलेला असताना दुसऱ्या हाताने ती तुम्हाला उचलता येते का? घरी दहा वेळा सराव करा. फलाटावर गाडी लागल्यावर शिकायला वेळ मिळत नाही.

आणि हो, मंदिराचाही विचार करा. तुळजाभवानीचं मंदिर खोलगट जागी आहे. महाद्वारातून आत गेल्यावर पायऱ्या उतरत जावं लागतं. गोमुख तीर्थ, कल्लोळ तीर्थ, पुढे निंबाळकर दरवाजा, सगळीकडे पायऱ्याच पायऱ्या. दर्शनाच्या रांगेतही चाकांचा उपयोग नाही. त्यामुळे तुमचा मुक्काम किंवा ओळखीचं दुकान बाहेर असेल तर बाबागाडी तिथेच ठेवा आणि मुलाला कडेवर घेऊन आत जा.

बस येण्याआधीची दहा मिनिटं

सगळा खेळ या दहा मिनिटांचा आहे. बस दिसल्यावर तयारीला लागलात तर उशीर झाला.

१. मुलाला दूध पाजा, पाणी द्या, लंगोट किंवा डायपर बदला. अनेक बसस्थानकांत स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष असतो. फलाटावर आल्या आल्या तो कुठे आहे ते विचारून ठेवा. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणीचं नाव या खोल्यांना दिलंय. लोककथेप्रमाणे ती रात्रही कोजागरीचीच होती.

२. हँडलला लटकवलेल्या पिशव्या आधी काढा. मूल उचललं की त्या पिशव्यांच्या वजनाने गाडी मागे उलटते. मूल आत असतानाही उलटू शकते, म्हणून जड पिशवी हँडलला कधीच लावू नये.

३. मुलाला अंगावर घ्या. कॅरियर असेल तर पुढच्या बाजूला, छातीशी. गर्दीत पाठीवर बांधलेलं मूल तुम्हाला दिसत नाही आणि मागच्याची कोपरं त्याला लागतात.

४. आता बाबागाडी मिटा, लॉक झाली का ते हलवून बघा आणि पट्ट्याने खांद्याला अडकवा. चाकांना चिखल असेल तर त्यावर एक जुनी पिशवी चढवा. शेजारच्याचे कपडे वाचतात, भांडणही वाचतं.

५. पैसे, तिकीट, मोबाइल वरच्या खिशात ठेवा. पर्समध्ये खोल हात घालायला दुसरा हात मोकळा नसणार.

झोळी किंवा कॅरियरबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. बाळाचं तोंड कापडात दडपलेलं नको आणि हनुवटी छातीला टेकलेली नको, कारण त्याने श्वास अडतो. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये याच कारणाने झोळ्यांबाबत इशारा दिला होता, विशेषतः चार महिन्यांखालच्या बाळांसाठी. साधा हिशेब ठेवा: मान खाली केली की बाळाचा चेहरा दिसला पाहिजे आणि त्याच्या कपाळाची पापी घेता आली पाहिजे, एवढं ते वर असावं.

चढताना काय करायचं?

दोघं असाल तर कामं वाटून घ्या. मूल ज्याच्या अंगावर आहे त्याच्या हातात दुसरं काहीच नको. त्याने एका हाताने दांडा धरून चढायचं. दुसऱ्याने मागे राहून बाबागाडी आणि पिशव्या आणायच्या. म्हणजे पाठीमागून येणारा रेटा दुसरा माणूस अडवतो.

एकटी आई असेल तर आधीच कुणाला तरी सांगून ठेवा. रांगेतल्या शेजारच्या मावशींना, काकांना सरळ म्हणा, ‘मावशी, मी पोराला घेऊन चढते, तेवढी ही गाडी आत द्याल का?’ लोक नाही म्हणत नाहीत. मूल अनोळखी माणसाकडे देऊन आपण गाडी उचलायची, हे मात्र करू नका. वस्तू दुसऱ्याकडे, मूल आपल्याकडे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जागा पकडायला रुमाल टाकतात, टोपी टाकतात, इथपर्यंत ठीक. पण गर्दीत काहीजण मूलच खिडकीतून आत देतात. आत कुणीतरी ओळखीचं चढलेलं असतं, तो झेलतो आणि मूल सीटवर बसवून जागा धरली जाते. वर्षानुवर्षं चालत आलंय म्हणून ते बरोबर ठरत नाही. खिडकीच्या गजाला किंवा काचेच्या पट्टीला डोकं आपटतं, हात अडकतो, आणि तुम्हाला चढायलाच मिळालं नाही तर मूल आत आणि आई-बाप बाहेर. गाडी सुटली तर पुढे काय, याचा विचार करा. एक गाडी सोडून दिली तर अर्धा-एक तास जाईल, त्यापलीकडे काही बिघडत नाही. जत्रेच्या जादा गाड्या एकामागून एक लागत असतात. पहिल्या तासाचा लोंढा ओसरू द्या, किंवा दर्शन अशा वेळी उरका की परतीचा प्रवास दुपारचा होईल.

आत गेल्यावर बाबागाडी ठेवायची कुठे?

गाडीला मागे किंवा बाजूला डिक्की असेल आणि कंडक्टर उघडून देत असेल तर ती सगळ्यात उत्तम जागा. चढायच्या आधी विचारा. सामानाचं वेगळं तिकीट पडणार का तेही तेव्हाच विचारून घ्या, म्हणजे नंतर हुज्जत नको. डिक्कीत टाकली तर उतरताना ड्रायव्हर किंवा कंडक्टरला आठवण करून द्या.

डिक्की नसेल तर आपल्या सीटपुढे, पायाशी उभी, घट्ट धरून ठेवा. विमानाच्या केबिनमध्ये बसेल अशी छोटी चौकोनी घडी होणारी गाडी असेल तर सीटखालीही सरकते. डोक्यावरच्या रॅकवर टाकायचा मोह होतो, पण तिथून लांबट धातूची वस्तू खड्ड्यात दणका बसला की घसरते आणि खाली कुणाचं तरी डोकं असतं. फारच हलकी असेल आणि ओढणीने बांधता येत असेल तरच तिथे ठेवा.

दोन ठिकाणी मात्र कधीच ठेवायची नाही. दरवाज्याच्या पायरीपाशी आणि संकटकाळी बाहेर पडायच्या मार्गापुढे. तो दरवाजा वर्षभर कुणी उघडत नाही, पण ज्या दिवशी उघडावा लागतो त्या दिवशी एक सेकंदही वाया घालवता येत नाही.

बसायला जागा निवडता आली तर दोन्ही चाकांच्या मधली सीट घ्या. मागच्या चाकाच्या पलीकडच्या सीटवर दणके जास्त बसतात, हे एसटीने फिरणाऱ्या कुणालाही सांगायला नको. मूल मांडीवर, त्याची पाठ तुमच्या पोटाशी आणि तुमचा हात त्याच्याभोवती. खिडकीकडे मोठ्या माणसाने बसावं, म्हणजे मुलाचा हात बाहेर जात नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट आहे.

उभं राहावंच लागलं तर कॅरियरमधलं मूल घेऊन वाटेत उभे राहू नका. बसलेल्यांपैकी कुणाला तरी सरळ विचारा. लाज वाटते म्हणून गप्प राहिलात तर पहिल्या ब्रेकला दोघंही पडाल.

उतरताना

आपलं गाव यायच्या आधी उठून दारात जाऊ नका. गाडी पूर्ण थांबू द्या, मागचा लोंढा उतरू द्या. मूल घेतलेला माणूस आधी उतरेल आणि बाजूला जाऊन उभा राहील. बाबागाडी मागून येईल. ती उघडायची ते फलाटाच्या कडेला, गाड्या वळतात त्या जागेपासून लांब. बस मागे घेताना ड्रायव्हरला कमी उंचीची बाबागाडी दिसत नाही. आधी ब्रेक लावा, मग मूल बसवा, मग पट्टा. याच क्रमाने.

उन्हाळ्याच्या जत्रेला काय वेगळं?

येरमाळ्याची यात्रा चैत्र पौर्णिमेची, म्हणजे मार्च-एप्रिलचं ऊन. ऊन लागू नये म्हणून अनेकजण बाबागाडीवर ओढणी किंवा चादर पूर्ण पसरवतात. त्याने सावली मिळते, पण आतली हवा कोंडते आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वाढतं. बाळ झोपलंय असं वाटतं आणि ते प्रत्यक्षात उन्हाने मलूल झालेलं असतं. छत उघडा, छत्री धरा, पण समोरची बाजू मोकळी ठेवा. धातूच्या नळ्या आणि पट्ट्याचं बक्कल उन्हात तापतं, मूल बसवायच्या आधी हात लावून बघा.

बाकीच्या प्रवाशांनी काय करायचं?

बाबागाडीवाल्यांना शिकवणं सोपं आहे, पण अर्धी जबाबदारी बाकीच्यांचीही आहे. तान्हं मूल घेतलेली बाई दिसली तर तिला आधी चढू द्या. बाबागाडी आत घ्यायला हात द्या. ‘एवढं कशाला घेऊन यायचं जत्रेला’ हे वाक्य गिळून टाका. तिच्यासोबत कदाचित दुसरं कुणी नसेल, आणि बारा किलोचं पोर पाच तास कडेवर घेणं काय असतं हे ज्याने घेतलंय त्यालाच माहीत.

आणखी एक. सगळ्या बाबागाड्या सारख्या नसतात. चालता न येणाऱ्या, मान न धरणाऱ्या मोठ्या मुलांसाठी तशाच दिसणाऱ्या गाड्या असतात. त्या मुलासाठी ती व्हीलचेअर आहे. डिस्नेमध्ये अशा गाड्यांना वेगळी चिठ्ठी लावतात, म्हणजे कर्मचारी ती मिटायला सांगत नाहीत. आपल्याकडे चिठ्ठी नाही, पण ‘एवढं मोठं पोर गाडीत कशाला बसवलं’ असं म्हणण्याआधी एक क्षण थांबणं तरी जमू शकतं.

आणि आगाराने ठरवलं तर खर्च न करताही बरंच होण्यासारखं आहे. जत्रेच्या दिवसांत जादा गाड्यांच्या फलाटावर लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि अपंग यांची एक वेगळी छोटी रांग लावायची आणि प्रत्येक गाडीत आधी त्या रांगेतले दहाजण चढवायचे. बाबागाड्या डिक्कीत टाकायला एक माणूस उभा करायचा. एवढं झालं तर खिडकीतून पोरं आत द्यायची वेळच कुणावर येणार नाही.

चुकामूक झाली तर?

निघतानाच मुलाच्या खिशात किंवा कपड्याच्या आतल्या बाजूला आई-वडिलांचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. सकाळी मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवा, शोधताना तो दाखवता येतो. मूल दिसेनासं झालं तर आधी बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवरून किंवा पोलीस मदत केंद्रावरून पुकारा करायला सांगा आणि सोबतच ११२ वर फोन करा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. दोन्ही नंबर मोफत आहेत.

थोडक्यात लक्षात ठेवायचं ते एवढंच

मूल अंगावर, बाबागाडी घडीत, आणि हे दोन्ही बस लागायच्या आधी. पिशव्या हँडलवरून खाली. वस्तू दुसऱ्याकडे, मूल आपल्याकडे. खिडकीतून कधीही नाही. दरवाजा आणि संकटकाळचा मार्ग मोकळा. आणि खूपच गर्दी असेल तर ही गाडी सोडा, पुढची घ्या.

यंदाच्या नवरात्रात किंवा कोजागरीला तुमच्या ओळखीत कुणी लहान मूल घेऊन तुळजापूरला निघालं असेल, तर त्यांना हे वाचायला पाठवा.